मारबतीचा निरोप

भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, संध्याकाळच्या तान्ह्या पोळ्यासाठी घरोघरी लाकडी बैलांवर झुली चढत असताना, नागपुरात इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी या दोन प्रचंड मारबतींची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते, आणि रोगराई, खोकला, डास-ढेकूण सारे घेऊन जा असे त्यांना ओरडून बजावीत, हसत-नाचत जमलेला जनसमुदाय अखेरीस त्यांना अग्नी देतो. त्यांच्यासोबत बडगे नावाचे पुतळेही असतात. महागाईचा, लाचखोरीचा, वर्षभरात रयतेने ज्याचा ज्याचा जाच सोसला त्याचा बडग्या; जी फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही, ती येथे कामट्या-कागदाचे अंग धारण करून, गळ्यात पाटी अडकवून भर चौकात उभी राहते.

काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. पिवळीचा मान तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. तिच्यापुढे स्त्रिया नवस बोलतात, ओटी भरतात, कडेवरच्या लेकराला तिच्या दर्शनास आणतात. जिला जाळायचे तिची आधी मनोभावे पूजा होते, आणि या प्रथेतील ही माया मला तिच्या हास्याहून मोठी वाटते.

काळीच्या वाट्याला मात्र ही माया आली नाही. ती नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई, जिने इंग्रजांशी संधान बांधून भोसल्यांचे राज्य बुडविले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. इतिहासाचे दप्तर उघडले म्हणजे हा आरोप गरजेपेक्षा जड वाटू लागतो. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर बसले आणि बाकाबाई त्यांच्या पालक झाल्या हे खरे. परंतु कारभाराच्या किल्ल्या त्या काळी इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स याच्या कमरेला होत्या, आणि १८५४ मध्ये औरस पुत्र नसल्याचे निमित्त करून राज्य खालसा केले ते गव्हर्नर जनरल डलहौसीने. बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या. त्यानंतर तेवीस वर्षांनी काळी मारबत निघू लागली. सत्तावनच्या धामधुमीत त्यांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही, हे लोक विसरले नाहीत. तरीही एका राज्याच्या अस्ताचा सगळा दोष एका विधवेच्या शिरावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

हसत-हसत दिलेला निरोप दूरदेशीही आढळतो: अमेरिकेत प्लँटर्स या पेढीचा ‘मिस्टर पीनट’ नावाचा शेंगदाणा आहे. व्हर्जिनियातील एका शाळकरी मुलाच्या चित्रावरून १९१६ मध्ये तो जन्मास आला. उंच हॅट, एका डोळ्याला भिंग, हातात काठी. २०२० च्या जानेवारीत पेढीने त्याच्या निधनाची वार्ता प्रसृत केली, फेब्रुवारीतील अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी एका जाहिरातीत त्याचा अंत्यविधी दाखविला, आणि त्याच जाहिरातीत तो बालरूपाने पुन्हा उगवला. त्या मरणावरही लोक हसले. परंतु त्या शेंगदाण्यासोबत कोणाचा खोकला गेला नाही, कोणाचे कर्ज गेले नाही, कोणा आईने त्याच्यापुढे लेकरू धरले नाही. मालाच्या खपासाठी त्याला मारले आणि खपासाठीच उठविले. नागपूरची मारबतही दरवर्षी नव्याने घडते, परंतु प्रत्येक वर्षी लोक तिच्या खांद्यावर स्वतःचे ओझे देतात.

मारबती जळून जातात. मग ऊन उतरते, आणि गल्लीगल्लीत लाकडी बैलांच्या चाकांचा खडखडाट सुरू होतो. मुलांचा हा तान्हा पोळा १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजींनी सुरू केला, असे नागपूरकर सांगतात. सकाळी ज्या राणीला शिव्या दिल्या, तिच्याच पतीने दिलेला हा खेळ संध्याकाळी तिचे नागपूर खेळत असते, आणि बैलाची दोरी धरून दारोदार बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत फिरणाऱ्या पोराला त्यातले काहीच ठाऊक नसते.