जेड आणि तिचा पेजमामू

गोष्टीतली मुलगी घराबाहेर पडली की पुढे काय होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिला कोणीतरी पळवून नेतं आणि मग एखादा शूर पुरुष तिला सोडवायला निघतो. व्हिडिओ गेमचा धंदा नवा होता, पण त्यानेही हीच जुनी गोष्ट उचलली. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'डाँकी काँग' आला. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या खेळात एक दांडगं वानर बाईला उचलून लोखंडी सांगाड्याच्या टोकावर नेतं आणि एक सुतार शिड्या चढत, अंगावर येणारी पिंपं चुकवत तिच्याकडे जातो. बाईचं काम एकच, वर उभं राहून मदतीसाठी ओरडायचं. तो सुतार पुढे मारिओ या नावाने जगभर गाजला.

१९८६ साली 'मेट्रॉइड' आला. त्यातला चिलखत घातलेला योद्धा ही बाई आहे, हे शेवटी कळायचं, तेही खेळ झटपट संपवला तरच! १९९६ साली इंग्लंडमधल्या कोअर डिझाइनने 'टूम रेडर'मधून लारा क्रॉफ्ट आणली. ती धाडसी होती, बुद्धिमान होती, पण चर्चा तिच्या बांध्याचीच जास्त झाली. शिवाय तिची भटकंती बहुतेक एकटीची.

२००३ साली एकाच वर्षात दोन खेळांत नायिकेला सोबती मिळाला. पहिला 'प्रायमल', सोनीच्या केंब्रिज स्टुडिओचा. त्यात जेन नावाची तरुणी आणि स्क्री नावाचा दगडी पुतळ्यासारखा प्राणी चार अद्भुत जगांतून फिरतात. स्क्री भिंती चढतो, जेन लढते, आणि खेळणाऱ्याला कधी तिच्या तर कधी त्याच्या भूमिकेत जाता येतं. दुसरा खेळ नोव्हेंबरमध्ये आला, 'बियाँड गुड अँड एव्हिल'. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या युबिसॉफ्टच्या स्टुडिओत मिशेल आन्सेल यांनी तो घडवला. मला बोलायचं आहे ते मुख्यतः याच खेळाबद्दल.

हिलिस नावाच्या ग्रहावर, समुद्रकाठच्या दीपगृहात जेड राहते. युद्धात पोरकी झालेली मुलं ती सांभाळते. गोष्टीच्या आरंभीच शत्रूचा हल्ला होतो आणि दीपगृहाचं संरक्षक कवच ऐन वेळी बंद पडतं. कारण काय, तर वीजबिल थकलेलं! एवढ्या अद्भुत जगात ही आपल्या घरातली अडचण पाहून मला हसू आलं आणि जेड जवळचीही वाटली. पैसे मिळवायला ती ग्रहावरच्या प्राण्यांचे फोटो काढते. प्रत्येक नव्या प्राण्यामागे विज्ञान केंद्र तिला मोबदला देतं. तिच्या हातात काठी आहे, पण खरं हत्यार कॅमेराच.

तिचा सोबती आहे पेज. कोकणातल्या आम्हा माणसांना हे नाव पाठ करावं लागत नाही. तोंड रानडुकराचं, हात मेकॅनिकचे, आणि जेडला त्यानेच वाढवलेलं. मुलीने मला हा खेळ लॅपटॉपवर दाखवला तेव्हा मी जरा नाक मुरडलं. ती म्हणाली, "अब्बा, तोंडाकडे नका बघू. जेडचा मामू आहे तो." तेव्हापासून आमच्या घरात तो पेजमामूच.

हा मामू तिच्या पुढे चालत नाही. तारा कापायच्या असल्या की पक्कड काढतो, शत्रूला उडवायचं असलं की जमिनीवर दणका देतो. तो घायाळ झाला तर जेडने आपल्याजवळच्या खाण्यातलं त्याला द्यायचं. अर्ध्या वाटेवर शत्रू पळवून नेतात ते या मामूलाच. 'डाँकी काँग'ला बावीस वर्षं झाली होती. आता म्हातारा कैदेत होता आणि त्याला सोडवायला मुलगी निघाली होती. ज्या गुप्त संघटनेसाठी ती काम करत असते, तिचा प्रमुख हा मामूच होता, हे तिला पुढे कळतं.

त्या संघटनेचं काम बातमी बाहेर काढण्याचं. लोकांचं रक्षण करतो म्हणणारं सैन्यच शत्रूला सामील आहे. जेड लपतछपत कारखान्यात शिरते, पुरावे टिपते, छापायला पाठवते. एकेक बातमी फुटते तसे शहरातले लोक रस्त्यावर येऊ लागतात. त्याच वर्षी मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला होता आणि अनेक बातमीदार सैन्याच्याच गाड्यांतून युद्ध पाहत होते, हे आठवलं की या कॅमेऱ्याचं वजन कळतं.

बाजारात मात्र खेळ पडला. समीक्षकांनी वाखाणला, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्याच महिन्यात त्याच कंपनीचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ही दुकानात आला होता. तरी खेळणाऱ्यांनी जेडला सोडलं नाही. २०११ साली खेळ नव्याने निघाला. २०१७ साली जेडच्या आधीच्या काळातली कथा सांगणाऱ्या पुढच्या भागाची झलक दाखवली गेली. २०२० साली आन्सेल हा व्यवसायच सोडून गेले. २०२४ च्या जूनमध्ये मूळ खेळाची विसाव्या वर्षाची आवृत्ती आली.

आता एक कबुली देतो. मुलगी दुसऱ्या गावी कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा मी तिच्या धाकट्या भावाला सोबत धाडायचो. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान. रस्ता तिला ठाऊक, तिकीट ती काढायची, त्याला उलटी झाली तर तीच निस्तरायची. तरी आम्ही म्हणायचो, तो आहे ना बरोबर! त्याला आम्ही सोबत म्हणत होतो. खरं म्हणजे ती राखण होती. दोन्हींतला फरक मला शब्दांचा धंदा करूनही उमगला नव्हता. पेजमामूला पाहताना उमगला. मी मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, अब्बा. त्याला खिडकीची जागा कोण देत होतं?"

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)