पोलनृत्य : नवशिक्यांच्या पावलांना होणारा मुका मार

उभ्या धातूच्या खांबावर केल्या जाणाऱ्या नृत्यात सुरुवातीच्या आठवड्यांत पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे आणि नडगीवर उमटणारे काळेनिळे डाग, सूज व हुळहुळेपणा. यात कातडी फाटत नाही. तिच्याखालच्या केशवाहिन्या फुटून रक्त साकळते. क्लबांतल्या करमणुकीतून बाहेर पडून १९९० च्या दशकात कॅनडात व नंतर अन्यत्र या नृत्याचे वर्ग सुरू झाले. आंतरराष्ट्रीय पोल क्रीडा महासंघ २००९ मध्ये स्थापन झाला. वर्ग कुठलाही असो, ही तक्रार मात्र सगळीकडे सारखीच.

कारणे : मांड्यांना मांसाची गादी असते, पावलाच्या पाठीला नसते. तिथे पातळ कातडी, तिच्याखाली बोटे उचलणारे स्नायुबंध, उथळ चेता आणि लगेच हाड. खांब बहुधा ४५ मिमी व्यासाचा, पोलादी किंवा क्रोमचा मुलामा दिलेला. मूळ चढणीत एका पायाची नडगी व घोटा खांबाला पुढून अडकवतात, दुसरा पाय मागून आवळतात आणि त्या चिमट्यावर उभे राहून हात वर सरकवतात. म्हणजे काही क्षण शरीराचे बरेचसे वजन बोटभर जागेवर येते. पाऊल नडगीकडे ओढून धरले तर खांब घोट्यापुढच्या खोबणीत बसतो. नवशिकी मंडळी नर्तकीसारखे पाऊल ताणतात (दिसायला ते छानच दिसते) आणि खांब घसरून पावलाच्या हाडांवर येतो. दाबापेक्षा हे घसरणे अधिक नडते. हातांची ताकद कमी असल्याने पाय जास्त आवळले जातात. खांब गार किंवा तेलकट असेल तर आणखीच. गिरकीतून धपकन उतरणे आणि पाय खांबावर आपटणे ही उरलेली कारणे.

ओळख : गोऱ्या कातडीवर डाग आधी लालसर, मग जांभळा, हिरवा, पिवळा होत जातो, साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे विघटन होताना हे रंग बदलतात. सावळ्या कातडीवर तो नुसता गडद तपकिरी वा काळपट दिसतो, कधी दिसतही नाही. तिथे डोळ्यांपेक्षा बोटाने दाबून पाहणे खरे. साधा डाग साधारण दोन आठवड्यांत जातो.

उपचार : पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०–१५ मिनिटे, दिवसातून काही वेळा; बसताना पाय उशीवर. दुखणे फार असल्यास पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून ती टाळावी. आपल्याकडे मुका मार म्हटले की गरम तेलाने चोळायचा हात शिवशिवतो. सुरुवातीच्या दोन दिवसांत ते करू नये, फुटलेल्या वाहिन्यांतून आणखी रक्त झिरपते. आंबेहळदीचा लेप लावणाऱ्यांनी वर्गाआधी पाय स्वच्छ धुवावेत, कारण खांबावर धरून राहते ती कोरडी कातडीच. मलम, तेल, क्रीम यांनी पकड सुटते आणि पुढच्या शिकाऊ व्यक्तीलाही त्याचा प्रसाद मिळतो.

प्रतिबंध : एका वर्गात चढणीचे प्रयत्न मोजके ठेवावेत, दोन्ही बाजू आलटूनपालटून वापराव्यात, दुखऱ्या जागी एक-दोन दिवस भार देऊ नये; तेवढ्यात जमिनीवरचे व्यायाम आणि हातांची पकड करता येते. घोट्याचे पट्टे व पायमोजे मार कमी करतात, पण कापड खांबावरून सरकते, म्हणून चढणीचा सराव पूर्णपणे त्यांच्या भरवशावर करू नये. ‘पाय मार खाऊन टणक होतात’ हे वर्गांतले आवडते वाक्य अर्धेच खरे आहे. सरावाने स्पर्शाची सवय होते, पण डाग कमी होण्याचे मोठे श्रेय सुधारलेल्या पकडीला जाते. डाग हे मेहनतीचे पदक मानून मिरवण्याची रीत त्यामुळे फारशी उपयोगाची नाही.

मल्लखांबाशी तुलना : पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेल्या मल्लखांबाचा लाकडी खांब वर निमुळता असतो आणि घर्षण कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल लावतात. धातूच्या खांबाला तेलाचा थेंबही चालत नाही. दोरीच्या मल्लखांबात दोरी पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरतात; तिथे नवख्यांचे सोलवटते ते बेचके, पावलाची पाठ नव्हे.

धोक्याची लक्षणे : चार पावलेही टाकता न येणे, करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर किंवा आतल्या कडेच्या उंचवट्यावर नेमके हाड दाबल्यावर कळ येणे, बोटांना बधिरपणा, वाढत जाणारी सूज. यांपैकी काही असल्यास क्ष-किरण तपासणीसाठी डॉक्टर गाठावा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी वर्गात नाव घालण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. जिथे खांब लागलाच नाही तिथेही डाग उमटू लागले, तर रक्ततपासणी करून घ्यावी.