वायफायच्या एका फाइलवरून झालेली मतदानं

कॉलेजात असताना मी जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा लिनक्स टाकायला बसलो. इन्स्टॉलर मध्येच अडला. म्हणे वायफायसाठी एक फाइल लागेल, ती आमच्याकडे नाही, तुमच्याकडे पेनड्राइव्हवर असेल तर द्या. अरे, नेटच नाही तर फाइल आणू कुठून? शेवटी फोन यूएसबीने जोडला, टेदरिंग चालू केलं, तेव्हा कुठे काम झालं.

ती फाइल म्हणजे फर्मवेअर. वायफायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. मशीन चालू झालं की ड्रायव्हर त्यात एक प्रोग्रॅम भरतो. ड्रायव्हरचा कोड उघडा, पण हा प्रोग्रॅम म्हणजे नुसते आकडे. पूर्वी हे आकडे थेट लिनक्स कर्नलच्या कोडमध्येच असायचे. ब्रॉडकॉमच्या नेटवर्क कार्डांचा टीजी3 ड्रायव्हर घ्या. त्यातल्या टिपेचा अर्थ असा, की हे आमच्या अप्रकाशित सोर्स कोडवरून बनलंय, हेक्साडेसिमल रूपात वाटायला परवानगी आहे. म्हणजे वाटा, पण आत काय आहे विचारू नका! आणि कर्नलचं लायसन्स जीपीएल, जे म्हणतं की बदल करता येईल असा सोर्स द्या. आता असे आकडे हाताने टाइप करून कोण प्रोग्रॅम लिहितं?

यावर सगळ्यात जास्त भांडले ते डेबियनवाले. इयन मर्डॉकने 1993 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. 1997 च्या त्यांच्या सामाजिक करारातलं पहिलंच वचन म्हणजे डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. पण फर्मवेअर हे सॉफ्टवेअर की हार्डवेअरचाच भाग? 2004 मध्ये मतदान करून कराराची भाषा बदलली आणि पळवाट बंद झाली. गंमत म्हणजे हा बदल 'फक्त संपादकीय' म्हणून मांडला होता. रिलीज सांभाळणाऱ्याने सांगितलं, मग नवी आवृत्ती लांबणार. झालं, अंमलबजावणी पुढे ढकलायला दुसरं मतदान! पुढच्या दोन आवृत्त्यांनाही अशीच सूट मिळाली. अखेर फेब्रुवारी 2011 च्या 'स्क्वीझ'मध्ये कर्नल साफ झाला आणि बंद फाइली वेगळ्या 'नॉन-फ्री' विभागात गेल्या.

तत्त्व वाचलं, पण माणसं अडकली. फर्मवेअरसकट इन्स्टॉलर होता, पण 'अनधिकृत', आणि तो सहज सापडायचाही नाही. एप्रिल 2022 मध्ये डेबियनच्या स्टीव्ह मॅकिंटायरने हा गोंधळ सविस्तर मांडला. नव्या लॅपटॉपना केबलचं पोर्टच नसतं. त्याहून गंभीर म्हणजे काही मशीनना आवाजासाठीही फर्मवेअर लागतं. इन्स्टॉलरचं बोलणं ऐकून काम करणाऱ्या अंध व्यक्तीला मग काहीच ऐकू येणार नाही. मला तरी हा मुद्दा खोडून काढता येत नाही.

त्याच वर्षी पुन्हा मतदान झालं, करारात एक वाक्य वाढलं आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर आलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला असली तडजोड मान्य नाही, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. आयतं मिळालं तर कंपन्या कोड कशाला उघडतील?

10 जून 2023 ला डेबियन 12 आलं. ते वापरत असाल तर सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल उघडून बघा. ओळीच्या शेवटी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असं लिहिलेलं दिसेल. वायफाय चालतंय ते बहुतेक त्याच्याच जिवावर.