अर्ध्या तासाचा विसावा

आजचा विषय साधा आहे. दिवसभर राबताना पेंग येऊ नये, अंगात तरतरी राहावी, यासाठी माणसानं काय करावं? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी; औषध सांगणं आमचं काम नव्हे. पण हा प्रश्न कोण कोणाला विचारतो, याला एक इतिहास आहे, आणि चामोर्शीत बसून तो बराच स्पष्ट दिसतो.

आधी आपलं रोवणंच घेऊ. बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावायचे, याहून थकवणारं काम आपल्या भागात क्वचितच असेल. जुन्या माणसांनी या दिवसाचे तुकडे पाडले होते. सकाळी पेज नाहीतर आंबील, दुपारी धुऱ्यावर जेवण, पावसानं उघडीप दिली तर झाडाखाली घटकाभर आडवं होणं, आणि काम चालू असताना गाणं. गाण्यानं थकवा जात नाही. पण सगळ्यांचे हात एका लयीत चालतात आणि ज्याचा हात मागे पडतो त्याला सांभाळून घेतलं जातं. बरं, दिवसा दमणारी हीच माणसं दिवाळीनंतर रात्री मंडपात बसतात आणि झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत बघतात! म्हणजे पेंग हा नुसता स्नायूंचा हिशेब नाही. आपण स्वतः जागतो की आपल्याला जागवलं जातं, यानं फरक पडतो.

आता इथून मुंबईला जाऊ, कारण थकव्याचा प्रश्न मराठी कामगारानं सरकारदरबारी नेला तो तिथे. १८५०च्या दशकात तिथे कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि काम सूर्योदय ते सूर्यास्त चालायचं. १८८१चा पहिला कारखाना कायदा आला, पण त्यानं फक्त मुलांचे तास ठरवले, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ. मोठ्या माणसांना काहीच नाही. मग १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज तयार झाला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ चालवणारे. अर्जात मागितलं काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. आम्हाला जास्त ताकद येईल असं काहीतरी द्या, असं त्यात कुठेही नाही. थकणाऱ्याला आपण का थकतो हे नेमकं ठाऊक होतं.

सुटी मिळायला सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी जाहीर झाली. १८९१च्या कायद्यानं अर्ध्या तासाची विश्रांतीही दिली. पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्त नावाची मर्यादाच संपली. दिवस पुन्हा लांबला. पुरुषांसाठी बारा तासांची सीमा कापडगिरण्यांत आली ती १९११ मध्ये.

याच काळात दुसरं उत्तर हजर झालं, चहा. १९०३ मध्ये निर्यात होणाऱ्या चहावर सरकारनं उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखाने, खाणी, गिरण्या इथे चहाची दुकानं लागली. त्याआधी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य झालं होतं. तोच चहा पाव शतकात मजुराच्या हाती आला. कोणीतरी यावर नाटक लिहायला हवं.

आम्ही चहाचे शत्रू नाही, इथेही समोर कप आहे. पण तो करतो काय ते समजून घ्या. आपण जागे असताना मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची जाणीव देतं. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. द्रव्य साठतच राहतं. फक्त निरोप पोचत नाही. आपल्याकडच्या खर्ऱ्याचंही तसंच. सुपारी, तंबाखू, चुना घोटून तोंडात धरला की भूक आणि झोप दोन्ही थोपतात, आणि पुढे तोंड उघडेनासं होतं, कर्करोगही होतो. आता रोवणं गुत्त्यानं, म्हणजे एकरी ठरवून होतं. जितकं लवकर उरकेल तितकी मजुरी. मग मधे थांबायचं कोणी? दुपारची घटकाभर गेली आणि तिच्या जागी पुडी आली, असं आमचं मत आहे.

आणि आता कारखानाही दूर राहिलेला नाही. आपल्याच तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिला. बांधीतली मुलं पाळीच्या कामाला जाऊ लागली आहेत. १९४८च्या कायद्यात दिवसाचे नऊ तास होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांसाठी ते बारापर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तेवढेच, जादा कामाला जादा पैसे, हे खरं. तरी बारा तासांची पाळी धरा. गावाहून जायला एक तास, परतायला एक. उरले दहा. त्यात आंघोळ, जेवण, घरचं पाणी-लाकूड, लेकरं, आणि मग झोप. बाईचा हिशेब वेगळा मांडा, तो आणखी आखूड निघेल. आधी हे पाटीवर लिहून बघू, किती कप चहा लागेल ते नंतर. तुमच्यापैकी जे पाळीला जातात त्यांनी आता बोलावं, आम्ही ऐकतो.