लक्ष्मी तलावाचें पाणी

दुष्काळ, रोगराई आणि अशांतता हीं तीन वेगळीं प्रकरणें म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी इतिहास शिकवितों. वस्तुतः तीं एकाच घरांत वाढलेलीं भावंडें होत. 1896-97 हें एकच साल घ्यावें. पाऊस फसला आणि दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबईस ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, सांथ सुरू होऊन ती देशावर पसरली. पुण्यास घरझडत्यांचा जाच झाला आणि 22 जून 1897 रोजीं रँडसाहेबावर गोळी सुटली. करवीरच्या गादीवर त्या वेळीं जेमतेम तेवीस वर्षांचे शाहू छत्रपति होते. राज्याचा अधिकार हातीं येऊन त्यांना तीनच वर्षें झालीं होतीं. स्वस्त धान्याचीं दुकानें, तगाई, दुष्काळी कामें असे उपाय त्यांनीं योजिले. तों 1899-1900 चा दुष्काळ दारांत उभा राहिला. दुष्काळ आला कीं धावावयाचें, हा राजधर्म खरा. पण तो येऊंच नये असें कांहीं करतां येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनांत याच वर्षांनीं रुजविला असावा, असें मला वाटतें.

कोल्हापूरचा भूगोलच मोठा विचित्र आहे. पश्चिमेस दाजीपूरच्या रानांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि पूर्वेस शिरोळकडे मोजूनमापून चार सरी. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचें पाणी पंचगंगेंत येतें खरें. परंतु चार महिने बेफाम धांवून तें कृष्णेला मिळालें कीं चैत्र-वैशाखांत पात्र उघडें पडे. तेव्हां डोंगरांतच तें अडवावें, या विचारानें भोगावतीवर धरणाची योजना 1907 च्या सुमारास आकारास आली. तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचें आणि जवळच्या गांवास राजकन्या राधाबाईंचें नांव मिळालें. एका संस्थानाच्या तिजोरीला हा खर्च पेलणें सोपें नव्हतें. 1918 मध्यें काम थांबलें, आणि 6 मे 1922 रोजीं महाराज वारले तेव्हां भिंत अपुरीच होती. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत तें पुन्हा हातीं घेण्यांत आलें व 1950 नंतरच्या दशकांत पुरें झालें. सुमारें 8.36 टीएमसी पाणी सांठविणारें हें धरण, तलाव भरतांच पाण्याच्या दाबानें आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे पाहण्यास आजहि लोक पावसाळ्यांत गर्दी करतात.

पण मला खरें कौतुक वाटतें तें खालच्या बंधाऱ्यांचें. इतरत्र धरण म्हटलें कीं कालवे आले. येथें नदीलाच कालवा केलें आहे. पात्रांत दगडी खांब, खांबांना खांचा, आणि पावसाळा सरला कीं त्या खांचांतून बसविलेल्या फळ्या. यांना आमच्याकडे बरगे म्हणतात. बरगे घातले कीं पाणी अडतें, ज्येष्ठांत काढले कीं पूर मोकळा जातो, आणि बंधाऱ्यावरून गाडीवाटहि चालते. वरून धरणाचें पाणी सोडावें, खालीं एकेका बंधाऱ्यानें तें झेलावें, आणि कांठच्या शेतकऱ्यांनीं यंत्रानें उपसून घ्यावें. या स्वस्त आणि शहाण्या रचनेस पुढें सबंध देशांत ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हेंच नांव पडलें. तिच्या जोरावर उपसा जलसिंचनाच्या सहकारी संस्था निघाल्या, ऊंस वाढला, गुऱ्हाळें गेलीं आणि साखर कारखाने आले. ज्या जिल्ह्यानें 1899 पाहिलें, तेथील मुलांना आतां दुष्काळ हा शब्द पुस्तकांतच भेटतो.

मात्र नदीपासून घेतलेलें पाणी नदीकडे परत येतें, आणि येतांना वेगळें होऊन येतें, हा हिशेब कोणी मांडला नाहीं. कोल्हापूर शहराचें सांडपाणी जयंती नाल्यानें पंचगंगेंत उतरूं लागलें. कारखान्यांची मळी आली. आणि 1904 मध्यें विठ्ठलराव दातारांनीं पहिला यंत्रमाग बसविला त्या इचलकरंजीची भरभराट होतां होतां तेथील रंगप्रक्रियेचें पाणीहि आलें. वाहती नदी पुष्कळ कांहीं पचविते. पण बरगे घातलेली नदी वाहत नाहीं. जें पाण्याला अडवितें तेंच घाणीलाहि अडवितें. शिरोळकडचा एक विद्यार्थी मला एकदां म्हणाला, “सर, वरचे बरगे काढले कीं आमच्या तेरवाडच्या बंधाऱ्यांत मासे मरून तरंगतात, आम्हांला तारीख विचारावी लागत नाहीं.” तांत्रिक भाषेंत याहून नेमकें विधान मला करतां आलें नसतें.

2012 मध्यें इचलकरंजींत काविळीची सांथ आली आणि माणसें दगावलीं. दूषित नदी आणि गळक्या नळांत शिरणारें गटार या दोहोंकडे बोट दाखविलें गेलें. हें कांहीं नवें नव्हतें. 1955-56 च्या हिंवाळ्यांत दिल्लीस असेंच घडलें होतें: यमुनेचें पात्र सरकलें, नजफगढ नाल्याचें पाणी शहराच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागें फिरलें, आणि सुमारें 29,000 लोकांना कावीळ झाली.

रोगाच्या मागोमाग कलह आला. आपल्या दारची नदी पिण्यास नको म्हणून इचलकरंजीनें प्रथम वारणेचें पाणी दानोळीहून मागितलें, मग दूधगंगेचें सुळकूडहून. दोन्हीं ठिकाणीं कांठचीं गांवें विरोधास उभीं राहिलीं. इचलकरंजीकरांना शुद्ध पाणी नको काय? अवश्य हवें. पण ‘तुमची नदी तुम्हीं नासवलीत, आतां आमची मागतां’ हा कांठावरचा सवाल निव्वळ आडमुठेपणाचा म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. आणि आम्ही कोल्हापूरकरांनीं तरी निराळें काय केलें? 2023 च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडीच्या धरणांतून थेट नळानें आमच्या घरीं पाणी आलें, त्यासाठीं वर्षानुवर्षें आंदोलनें झालीं, आणि आनंदहि झाला. आपल्या घाणीच्या वर जाऊन आम्ही पाणी पिऊं लागलों; खालच्यांचा प्रश्न खालींच राहिला.

राज्याराज्यांतील तंट्यासाठीं 1969 मध्यें बच्छावत लवाद बसला. त्यानें कृष्णेच्या पाण्याची वांटणी टीएमसींत केली, इतकेंच नव्हे तर शेतांतून परतून येणाऱ्या पाण्याचाहि हिस्सा मोजला. मोजदाद झाली ती प्रमाणाची. आमच्या सवयीहि तशाच आहेत. राजाराम बंधाऱ्यापाशीं 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, हें येथील शाळकरी पोराला पाठ असतें, आणि श्रावणांत सकाळीं पहिला प्रश्न पाण्याच्या पातळीचाच असतो. वैशाखांत त्याच पाण्यांत माशांना पुरेल इतका प्राणवायु उरला आहे काय, हें विचारणारा मला तेरवाडच्या त्या मुलाखेरीज अद्याप कोणी भेटलेला नाहीं.