उच्चार एक, ‘केइओ’ दोन
टिपणं लावताना मी एकदा ‘केइओ’ची सगळी कार्डं एकाच गठ्ठ्यात टाकली. केइओ विद्यापीठ आणि टोकियोची केइओ रेल्वे एकाच घरची वाटली! पण तसं नाहीये. फुकुझावा युकिची यांनी १८५८ मध्ये शाळा काढली. १८६८ मध्ये तिला चालू कालखंडाचं, म्हणजे १८६५ पासूनच्या ‘केइओ’चं नाव दिलं. त्याच वर्षी तो कालखंड संपून मेइजी आला. शाळेचं नाव टिकलं. रेल्वेचं ‘केइओ’ मात्र टोकियो आणि हाचिओजी या नावांतलं एकेक चिन्ह घेऊन बनलंय. म्हणून नोंद घेताना उच्चारासोबत मूळ चिन्हंही उतरवून ठेवा. नाहीतर नसलेलं नातं आपणच जोडतो आणि त्यावर अख्खं प्रकरण लिहून बसतो.