दुसऱ्याच्या रानात दोन रात्री

तर मंडळी, येत्या जुलैत स्कँडिनेव्हिया. गाडीने. तंबू घेऊन. तीन आठवडे. मेंबर पाच: आई, बाबा, बायको, दोन वर्षांचे चिरंजीव आणि अस्मादिक.

कामानिमित्त सध्या मुक्काम कोपनहेगनला, त्यामुळे सुरुवात इथूनच. पूल ओलांडून मालमो, मग स्टॉकहोम, तिथून सरळ वर उत्तरेला, मग नॉर्वेत शिरून डोंगर आणि फियॉर्ड बघत परत खाली. इंजिनिअर माणूस, म्हणजे आधी एक्सेल शीट आलीच. कॉलम: रस्ता, मुक्काम, टोल, जेवण, धोका. गंमत अशी की कुठल्याही कॉलमपाशी थांबून "हे असं का?" विचारलं, की उत्तर इतिहासात निघतं. मग काय, प्लॅनिंग राहिलं बाजूला आणि वाचन सुरू झालं.

पहिला कॉलम, सरहद्द. कोपनहेगन आणि मालमो यांच्यामध्ये ओरेसुंडची सामुद्रधुनी आहे. १ जुलै २००० ला इथली वाहतूक खुली झाली: थोडा बोगदा, मग एक कृत्रिम बेट, मग पूल, सगळं मिळून साधारण १६ किलोमीटर. त्याआधी गाडी फेरीबोटीत चढवावी लागायची. पण बोटीच्या जमान्यातही इथल्या लोकांना पासपोर्ट लागत नव्हता बरं का! डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी १९५२ मध्येच आपापल्या नागरिकांना एकमेकांकडे बिनपासपोर्ट जायची मुभा दिली होती. शेंगेनची व्यवस्था या देशांत लागू झाली ती थेट मार्च २००१ मध्ये. आपल्यासारख्यांना एकाच व्हिसावर हे सगळं फिरता येतं ते त्यामुळे. अर्थात २०१५ च्या निर्वासित संकटानंतर तपासण्या परत सुरू झाल्या, तेव्हा पाचही पासपोर्ट डिकीत नाही, हाताशी ठेवायचे.

दुसरा कॉलम, स्टिअरिंग. पुण्यात गाडी शिकलेल्या माणसाला उजवीकडून चालवायची म्हणजे पहिले दोन दिवस प्रत्येक चौकात देव आठवतो. स्वीडनमध्ये मात्र हे अख्ख्या देशाला एका पहाटे करावं लागलं. १९६७ पर्यंत स्वीडन आपल्यासारखाच डावीकडून चालायचा. शेजारी नॉर्वे, डेन्मार्क उजवीकडून. त्यातून स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डाव्या बाजूलाच, म्हणजे रस्ता डावा आणि ड्रायव्हरही डावा. अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरचं दिसणार कसं? १९५५ मध्ये सार्वमत घेतलं तर सुमारे ८३ टक्के लोक म्हणाले, काही बदलू नका. तरीही १९६३ मध्ये संसदेने बदलाचा निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७, रविवार, ही तारीख ठरली. मध्यरात्रीनंतर बिनमहत्त्वाची वाहतूक बंद. ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरची प्रत्येक गाडी थांबली, हळूच दुसऱ्या बाजूला गेली आणि ५ वाजता देश उजवीकडून चालू लागला. त्यासाठी साधारण ३ लाख ६० हजार पाट्या बदलल्या म्हणतात. आपण प्रॉडक्शनमध्ये एक छोटा बदल टाकताना किती घाबरतो ते आठवा. इथे रोलबॅकची सोयच नव्हती :)

तिसरा कॉलम, सुट्टी. जुलैत स्वीडिश क्लायंटला मेल टाकून बघितलीय कधी? उत्तर ऑगस्टमध्ये येतं. त्यामागेही कायदा आहे. नॉर्वेत १९३६ मध्ये कामगारांना ९ दिवसांची भरपगारी रजा मिळाली. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये १९३८ मध्ये दोन आठवडे झाले. स्वीडनमध्ये ते वाढत वाढत १९७८ मध्ये पाच आठवड्यांवर गेले. तोपर्यंत उन्हाळ्यात गावाबाहेर जाऊन राहणं ही पैसेवाल्यांची चैन होती. आता गिरणीतला माणूसही बायकामुलांना घेऊन निघाला. पण निघाला तर राहणार कुठे? हॉटेल परवडत नाही, स्वतःचं घर नाही. मग तंबू. आणि तंबू ठोकायचा तर जमीन लागते.

इथे आमच्या घरात खरा मुद्दा उपस्थित झाला. बाबांची अख्खी नोकरी तहसील कचेरीत गेलेली. फोनवर प्लॅन ऐकून त्यांचा पहिला प्रश्न: "त्या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. स्वीडन आणि नॉर्वेतलं बरंचसं रान खाजगी मालकीचं आहे. तरी तिथे कोणीही चालावं, पोहावं, बोरासारखी रानफळं खुडावीत आणि रात्र-दोन रात्री तंबू टाकावा, ही रीत आहे. स्वीडिशमध्ये तिला आलेमान्सरेत्तेन म्हणतात, म्हणजे सर्वांचा हक्क. बाबांना समजावताना मी म्हटलं, आपली वहिवाट असते ना, तसंच काहीसं. ते लगेच म्हणाले, "वहिवाट सिद्ध करावी लागते." तेही खरं. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सलग २० वर्षांचा वापर दाखवावा लागतो आणि हक्क मिळतो तो त्या वापरणाऱ्याला. इथे मात्र काल विमानातून उतरलेल्या पाहुण्यालाही तोच हक्क. काही सिद्ध करायचं नाही, फक्त नीट वागायचं.

ही रीत जुनी आहे. विरळ वस्ती, लांबलांब गावं, वाटेत रात्र झाली तर माणसाने करायचं काय? पण तिला हक्क म्हणून नाव आणि धार आली ती १९३० आणि ४० च्या दशकांत. कारण भांडण सुरू झालं होतं. स्टॉकहोम आणि ओस्लोजवळचे किनारे पैसेवाले विकत घेऊन बंगले बांधत होते आणि कुंपणं घालत होते. रजा मिळालेला कामगार समुद्रापर्यंत पोचणार कसा? ओस्लोच्या फियॉर्डवर लोकांसाठी किनारे मोकळे ठेवायला १९३३ मध्ये एक संस्थाच उभी राहिली. स्वीडनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला किनारे वाचवायचा कायदा केला. नॉर्वेने २८ जून १९५७ ला 'मोकळ्या हवेचा' कायदा करून जुनी रीत लेखी केली: शेत, अंगण सोडून बाकीच्या रानात कोणीही पायी फिरावं, तंबू राहत्या घरापासून किंवा केबिनपासून किमान १५० मीटर लांब असावा, आणि एका जागी मालकाला न विचारता दोन दिवसांहून जास्त राहू नये (उंच डोंगर आणि वस्तीपासून लांबच्या जागा सोडून).

आता तारखा बघा. नॉर्वेत युद्धानंतर खाजगी गाडी विकत घ्यायला परवाना लागायचा. हे बंधन उठलं १ ऑक्टोबर १९६० ला. म्हणजे कायदा आला आणि तीन वर्षांनी गाड्यांचा लोंढा आला. रीत लेखी नसती, तर त्या लोंढ्यापुढे जमीनमालकांनी कुंपणं घातलीच असती असं मला वाटतं. मात्र हा हक्क माणसाच्या पायांचा आहे, चाकांचा नाही. रानात गाडी घालायला स्वीडनमध्ये १९७५ पासून आणि नॉर्वेत १९७७ पासून कायद्याने बंदी आहे. गाडी रस्त्याला, तंबू पाठीवर. आईच्या गुडघ्यांमुळे आमचे निम्मे मुक्काम कॅम्पिंगच्या पैसे देऊन राहायच्या जागी आहेत, ते यासाठीच.

आणि डेन्मार्क? इथे असा सरसकट हक्क नाही. ठरावीक सरकारी जंगलांत तंबूची मुभा आहे, बाकी विचारून. सपाट, सुपीक, दाट वस्तीचा देश, मोकळं रान उरलंय कुठे? शिवाय जमीनदारी इथे जास्त घट्ट होती. १७३३ ते १७८८ या काळात डॅनिश कुळांतल्या पुरुषांना आपल्या जमीनदाराची इस्टेट सोडून जायचीसुद्धा बंदी होती. नॉर्वे-स्वीडनचा शेतकरी त्यामानाने बराच मोकळा. आज तंबू कुठे चालतो, यात ते जुने फरक डोकावतात.

जेवणाच्या कॉलमबद्दल एकच सांगतो. आई म्हणाली, "रानात स्वयंपाक कशावर करायचा?" अगं, जो प्रायमस आपल्या आजीच्या ओट्यावर भरभर आवाज करायचा, ज्याला पिन मारायची आणि रॉकेल भरायचं, तो इथलाच! स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये तो काढला. १९११ मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा प्रायमस बरोबर होता. म्हणजे पोहे होतीलच. फक्त एक लक्षात ठेवायचं: नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ आग पेटवायला साधारणपणे बंदी असते.

असो. शेवटचा कॉलम, 'उत्तर'. इथपर्यंतची गोष्ट कशी छान होती: रजा मिळाली, रान खुलं झालं, सगळे आनंदी. पण उत्तरेत तंबूत राहणं ही काहींची सुट्टी नव्हती, आयुष्य होतं. सामी लोकांचे रेनडियरचे कळप थंडीत स्वीडनच्या आत असायचे आणि उन्हाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावर जायचे. १७५१ मध्ये दोन राज्यांनी सरहद्द आखली, तेव्हा करारातच लिहिलं होतं की सामींना कळप घेऊन ये-जा करता येईल. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, आणि १९१९ च्या करारात नॉर्वेत न्यायच्या कळपांवर कात्री लागली. त्यानंतर कारेसुआंदो भागातल्या सामी कुटुंबांना सरकारने दक्षिणेकडे हलवलं. ते ज्या भागांत गेले तिथे आधीच दुसरे सामी राहत होते. एलिन अन्ना लाब्बा या सामी पत्रकार-लेखिकेने यावर लिहिलेल्या पुस्तकाला २०२० चा ऑगस्ट पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे ही गोष्ट स्वीडनमध्ये घराघरांत पोचली. शहरातल्या माणसाला दोन रात्रींच्या तंबूचा हक्क मिळत होता त्याच दशकांच्या आगेमागे, शेकडो वर्षं तंबूत राहणाऱ्यांची वाट बंद होत होती. हे वाचून मी बराच वेळ शीट मिटून बसलो होतो.

यात एक चांगली बातमीही आहे, आणि ती बाबांना पटेल अशी आहे. जानेवारी २०२० मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या सामी समूहाच्या बाजूने निकाल दिला: त्यांच्या भागात छोट्या शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क सरकारचा नाही, त्यांचा. आधार काय? अनादी काळापासूनचा वापर. म्हणजे शेवटी वहिवाटच की! बाबा म्हणतात तसं, सिद्ध करावी लागली.

तेव्हा प्लॅनमध्ये एवढाच बदल केलाय. योक्मोक्कला एकाऐवजी दोन रात्री. तिथे आयते नावाचं सामी संग्रहालय आहे, ते पूर्ण एक दिवस बघायचं. मासे धरायचे असतील तर आधी परवाना घ्यायचा. वाटेत रेनडियर आडवे आले तर हॉर्न न वाजवता थांबायचं, कारण ते मोकाट नाहीत, कोणाचे तरी आहेत. आणि निघताना तंबूची जागा अशी ठेवायची की मालकाला आपण आलो होतो हे कळूसुद्धा नये. हा हक्क लोक एवढी वर्षं जपत आलेत, तो आपल्या पाच जणांमुळे एक इंचही कमी व्हायला नको.